अक्कलदाढेचं दळण

चिंधाआबांची अक्कलदाढ मंगळवारी सकाळी साडेअकरा वाजता निघाली आणि निघाल्या निघाल्या ती कुणाकडे राहणार यावरून वाद सुरू झाला.

"दात माझ्याकडेच राहू द्या," डॉक्टर मयुरी म्हणाल्या. "शुक्रवारी लागणार आहे."

"मना दात शे," आबा तोंडातल्या कापसाच्या बोळ्याआडून म्हणाले. "मी लई जास."

आबा मूळचे साक्रीकडचे, बोलणं अहिराणी. तीस वर्षं त्यांनी गावात पिठाची गिरणी चालवली. घरोघरी घरघंट्या आल्या तेव्हा गिरणी विकून टाकली आणि आता ते जळगावात पिंप्राळ्याला, मुलीकडे, मोहिनीकडे राहायला आले होते. खालची एक दाढ पडून आठ वर्षं झाली होती. तेव्हापासून बाजरीची भाकरी एकाच बाजूने चावून चावून जेवताना त्यांची मान थोडी डावीकडे झुकायची, आणि समोर बसलेल्याला वाटायचं, आबांना काहीतरी पटलेलं नाही. शेवटी मोहिनीने त्यांना स्कूटरवर मागे बसवून दवाखान्यात आणलं.

डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं होतं, की दाढ पडलेल्या जागचं हाड खचलंय. नवा दात बसवायचा तर त्याचा स्क्रू धरून ठेवायला हाड हवं. आणि ते हाड वाढवायला आबांचीच आडवी वाढलेली अक्कलदाढ कामाला येणार होती. ती दळायची, स्वच्छ करायची, भरड त्या जागी भरायची. चार-पाच महिन्यांत तिच्या आधाराने हाड तयार होतं. फक्त दळायच्या मशीनचं पातं झिजलं होतं. नवं पातं नाशिकहून शुक्रवारी येणार होतं.

"दळाना म्हंजे पीठ करनार?" आबांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"पीठ नाही, आबा. अगदी बारीक झालं तर ते लवकर विरघळून जातं. जाड राहिलं तर नीट बसत नाही. रव्यासारखं हवं."

"कोनता रवा? लापशीना का शिराना?"

शिकताना हा प्रश्न डॉक्टरांना कुणी विचारला नव्हता. त्यांनी थोडा विचार केला. "शिऱ्याचा."

तेव्हापासून आबांचं दुखण्यातलं लक्ष उडालं आणि दळण्यात लागलं. त्यांनी मशीन बघायला मागितलं. ते मुठीत मावेल एवढं होतं. किती वेळ फिरवायचं, असं विचारल्यावर डॉक्टर म्हणाल्या, तीन सेकंद. आबांनी ऐकून घेतलं. पण तीन सेकंदांत त्यांच्या गिरणीचा पट्टासुद्धा नीट फिरायला लागत नसे.

म्हणून आता दात दवाखान्यात ठेवायला ते तयार नव्हते. गिरणीवर दळण ठेवून गेलेल्या माणसाला परत आल्यावर कुणाचं मिळतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? शेवटी डॉक्टरांनी दात पुसून, कोरडा करून, कापसात गुंडाळून छोट्या डबीत घातला. "घरी उघडायची नाही. हात लावायचा नाही," त्यांनी मोहिनीला बजावलं. मोहिनीने मान हलवली. आबांनी डबी सदऱ्याच्या खिशात टाकली.

बुधवारी सकाळी गाल सुजलेला असताना आबा मफलर गुंडाळून गल्लीच्या टोकाला रतिलालच्या गिरणीवर गेले. दळून घ्यायचा त्यांचा मुळीच विचार नव्हता. त्यांना फक्त या विषयावर जाणत्या माणसाशी बोलायचं होतं.

रतिलाल पन्नाशीचा, भुवयांपर्यंत पिठाने माखलेला, आणि आपल्या दळणाबद्दल अतिशय हळवा. कुणी पिठाची चिमूट घेऊन बोटांत चोळू लागलं की त्याचा श्वास अडकायचा. नुकतंच त्याने कुणाचा तरी मका भरडून दिला होता आणि बेबाबाईंचे गहू वर ओतले होते. बेबाबाई डबा ठेवून समोरच्या गाडीवर मेथी घ्यायला गेल्या होत्या.

"रतिलालभाऊ," आबा म्हणाले, "समज, एक वस्तू शे. दगडनागत कठीण. तिना शिराना रवा करना व्हई, तर दगड कितला उचलशी?"

"वस्तू कोणती?"

आबांनी डबी उघडली. रतिलाल दोन पावलं मागे सरला.

"आबा, हा दात आहे."

"दाढ शे. अक्कलदाढ." आबांनी ती नीट दिसावी म्हणून धान्य ओतायच्या नरसाळ्याच्या कडेच्या फळीवर, ट्यूबलाइटखाली ठेवली. फळीवर मघाच्या मक्याचे चार-दोन दाणे सांडलेले होते. "देख, कशी शे. हिले डॉक्टरीनबाई तीन सेकंदमा दळनार."

"तीन सेकंदांत?" रतिलालची किळस क्षणभर मागे पडली. "तीन सेकंदांत नुसते तुकडे पडतील. सारखा रवा नाही पडणार."

"तेच मी म्हनस."

मग दोघांची चर्चा रंगली. दगड किती उचलावा, आधी एकदा नुसतं फोडून मग दुसऱ्यांदा घालावं का, चाळणी कोणती लावावी. बोलता बोलता रतिलालने सवयीने खटका दाबला, गिरणी सुरू झाली, आणि आवाजामुळे दोघांना मोठ्याने बोलावं लागलं.

"पन मानुसना दात हाऊ," आबा ओरडून म्हणाले, "गहूनागत नही दळाई जानार! रवा पाडना शे, रवा!"

नेमक्या त्या वेळी बेबाबाई मेथीची जुडी घेऊन दारात उभ्या होत्या.

रतिलालने त्यांना पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने घाईघाईने कागदाचा तुकडा घेतला, तोंड दुसरीकडे वळवलं, फळीवरून दात कागदाने उचलला, न बघताच कापसात कोंबला, डबीचं झाकण लावलं आणि डबी आबांच्या खिशात घातली. "या आबा तुम्ही. गालाला शेक द्या," असं म्हणून त्याने त्यांना जवळजवळ ढकलतच बाहेर काढलं. बेबाबाई आपल्या डब्यात पडणाऱ्या पिठाकडे बघत उभ्या राहिल्या. दळण पुरं झालं, डबा उचलला आणि एक शब्दही न बोलता त्या निघाल्या. बेबाबाई एक शब्दही न बोलता कुठून निघाल्या, की गल्लीत काहीतरी होणार हे ठरलेलं असे.

संध्याकाळी चार वाजता मोहिनीच्या ओट्यासमोर आठ-दहा बायका आणि निवृत्त शिक्षक पितांबर सर जमले होते.

"माह्या कानानं आइकलं म्या," बेबाबाई सांगत होत्या. "मानसाचा दात दळाचा आहे, रवा पाडाचा आहे. ह्या दोघायचं ठरत होतं. माहं दळन तवा सुरू होऊन गेलं होतं, म्हनून वाचली मी. माह्यानंतर ज्याईचं ज्याईचं दळलं, त्याईनं आपलं पाहून घ्या."

बेबाबाईंच्या नंतर अकरा घरांचं दळण झालं होतं. त्यांत मोहिनीचंही होतं.

"दात ह्या डबीमा शे," आबांनी डबी काढून दाखवली. "बाहेर नही ग्या तो."

"मग उघडून दाखवा," कुणीतरी म्हणालं.

आबा झाकण फिरवणार तोच मोहिनीने त्यांचा हात धरला. "डॉक्टरांनी उघडायची नाही म्हणून सांगितलंय. जंतू जातील." आबा आधीच एकदा उघडून बसलेत, हे तिला ठाऊक नव्हतं आणि आबांना ते आत्ताच सांगावंसं वाटेना.

"आणि समजा डबीत दात असला," पितांबर सर शांतपणे म्हणाले, "तरी त्यावरून काय सिद्ध होतं? डॉक्टरकडे रोज दहा दात निघतात. ही एक डबी. बाकीचे नऊ दात कुठे जातात?"

हा प्रश्न तोवर कुणाच्या डोक्यात आला नव्हता. तो आल्यावर मात्र निघेना. सरांना फक्त तर्काची एक बाजू मांडायची होती. पण पाच मिनिटांत ही गोष्ट पक्की झाली, की पिंप्राळ्यातले सगळे दात रतिलालकडे जातात. एका बाईला आठवलं, की गेल्या महिन्यापासून त्यांच्या पोळ्या जास्तच पांढऱ्या होत होत्या.

अकरा घरांनी पीठ टाकून द्यायचं ठरवलं. पण टाकायचं कुठे? गाईला घालावं म्हटलं, तर गाईला माणसाचा दात कसा चारायचा? मुंग्यांना घालावं, तर बेबाबाई म्हणाल्या, मुंग्याही जीवच आहेत. शेवटी दुपारची चुकलेली घंटागाडी योगायोगाने संध्याकाळी आली आणि अकरा डबे तिच्यात उपडे झाले. गाडीवाल्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या. "काय झालं होतं पिठाला?" त्याने विचारलं. कुणीच काही सांगितलं नाही, तेव्हा त्याने गाडी जरा वेगानेच नेली.

रतिलाल गिरणीच्या दारात उभा राहून हे सगळं बघत होता. एक-दोनदा तो पुढे आला, हात जोडले, "माझ्या गिरणीत धान्याशिवाय काही जात नाही," असं म्हणाला; पण अंगभर पीठ असलेल्या माणसाकडे त्या दिवशी कुणी बघायला तयार नव्हतं. तो आत गेला आणि त्याने शटर अर्ध्यावर ओढलं.

आता प्रश्न उरला रात्रीच्या पोळ्यांचा. पाकिटातलं पीठ आणावं असं एकीने सुचवलं, पण त्या गल्लीत पाकिटातलं पीठ आणणं म्हणजे घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलंय असं समजत. तेव्हा बेबाबाई उठल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मोठं समाधान होतं.

"माहा डबा चोख आहे," त्या म्हणाल्या. "दहा किलो आहे. न्या बापा दोन-दोन वाट्या. शेजारी कशाला असते?"

आणि त्या खरोखरच अकरा घरी गेल्या. प्रत्येक घरी दोन वाट्या, शिगोशीग. मोहिनीकडे तर तीन दिल्या; आबांकडे बघून म्हणाल्या, "तुमच्यावर राग नाही आबा. पन वयानं मानूस बहकते." आबांनी डबी खिशात आणखी खोल सारली. त्या रात्री ते पोळी दुधात कुस्करून, भरपूर साखर घालून जेवले आणि आपल्यामुळे एका चांगल्या गिरणीवाल्याचं नाव गेलं, या विचाराने दुसऱ्या दिवशी घराबाहेर पडले नाहीत.

शुक्रवारी नवं पातं आलं. आबा खुर्चीत बसले. मोहिनी शेजारी उभी राहिली. डॉक्टरांनी हातमोजे चढवले, डबी उघडली, चिमट्याने कापूस बाजूला केला आणि आतली वस्तू दिव्यासमोर धरली. त्यांनी ती एका बाजूने बघितली. मग दुसऱ्या बाजूने.

"आबा," त्या म्हणाल्या, "हा मक्याचा दाणा आहे."

आबांनी चष्मा लावला आणि चिमट्याजवळ तोंड नेलं. "हाऊ हायब्रीड मका शे," ते म्हणाले. तीस वर्षांच्या अनुभवाने ते एवढंच सांगू शकत होते.

मोहिनी खुर्चीच्या हातावर टेकली. आबांनी मग बुधवारचं सगळं सांगितलं: फळी, ट्यूबलाइट, सांडलेले दाणे, न बघता कागदाने उचलणारा रतिलाल. गिरणी सुरू झाली की ती फळी थरथरते, हे सांगताना त्यांचा आवाज खाली गेला. थरथरणाऱ्या फळीवरची गोल वस्तू कुठे घरंगळते, हे त्यांच्यासारख्या माणसाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"त्या वेळी नरसाळ्यात कुणाचं दळण होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"बेबाबाईंचं," मोहिनी म्हणाली. मग ती बोटं मोजू लागली. अकरा घरं आणि बेबाबाई, बारा. "म्हणजे चांगलं पीठ सगळ्यांनी टाकून दिलं आणि..." तिने आबांकडे बघितलं. "आबा, तुम्ही पण जेवलात."

"दूधसंगे," आबा म्हणाले.

डॉक्टर बराच वेळ खिडकीबाहेर बघत उभ्या होत्या. त्यांचे खांदे हलत होते. वळल्या तेव्हा चेहरा गंभीर होता, पण डोळे पुसलेले दिसत होते. "एक दात, दहा किलो पिठात, त्यात तव्यावर भाजलेला. कुणाला काही होत नाही," त्या म्हणाल्या. "आणि वरच्या बाजूची अक्कलदाढ पण वाकडीच आहे. ती काढायचीच होती. आज काढते आणि इथेच, तुमच्यासमोर दळते."

या वेळी आबांनी दात मागितला नाही. दाढ निघाली, साफ झाली, छोट्या मशीनमध्ये गेली. डॉक्टरांनी बटण दाबलं आणि आबांनी मनात तीन आकडे मोजले. झाकण उघडल्यावर त्यांचा हात आपोआप पुढे गेला, चिमटीत घेऊन बघायला. डॉक्टरांनी तो मनगटाला धरून पुन्हा त्यांच्या मांडीवर ठेवला. आबांनी लांबूनच बघितलं. तोंड बधिर होतं, म्हणून त्यांनी फक्त अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासून मान डोलावली. रवा शिऱ्याचाच पडला होता.

घरी जाताना त्यांनी मोहिनीला स्कूटर रतिलालच्या गिरणीपाशी थांबवायला लावली. दोन दिवसांत गिरणीवर एकही डबा आला नव्हता. रतिलाल रिकाम्या पोत्यावर बसून चाळणी झटकत होता. बधिर तोंडाने आबांना सांगणं जमेना, तेव्हा मोहिनीनेच सगळं सांगितलं.

रतिलाल उठून उभा राहिला. "कट्ट झालं होतं," तो हळूच म्हणाला. "बेबाबाईंच्या दळणात. मला वाटलं, गव्हात खडा आहे." तो पुन्हा बसला. "ताई, हे कुणाला कळलं तर मला गिरणी विकून गाव सोडावं लागेल. आबा, तुम्ही या धंद्यातले. तुम्हीच सांगा."

आबांनी लोकांना खरं सांगायचं ठरवलं होतं. चूक त्यांची होती आणि नाव रतिलालचं गेलं होतं. पण ज्याचं नाव राखायचं तोच गप्प राहा म्हणत होता. त्यांनी छातीवर हात ठेवून खूण केली, की नाही सांगणार. मोहिनीनेही वचन दिलं. तिघांनी ठरवलं, की ही गोष्ट इथे, या पोत्यापाशीच संपली.

ती साधारण चार मिनिटं टिकली.

बेबाबाई डबा कंबरेवर घेऊन आल्या. मागोमाग आणखी दोघी-तिघी आणि पितांबर सर होते. बेबाबाईंनी डबा रतिलालसमोर आदळला.

"रतिलालभाऊ, बाकी सारं जाऊ दे. देव पाहून घेईन. पन हे माहं दळन," त्यांनी झाकण उघडलं, "हे काय दळन आहे? पोळी खाल्ली का दाताखाली कचकच लागते. साऱ्यायच्या घरी लागली. लोकाईले म्या आपल्या हातानं वाटलं, आता साऱ्या मले बोलून राह्यल्या. काय दळतं तू? दगड टाकवले कधी अखेरचे?"

रतिलालचा चेहरा पिठाखालून लाल झाला. दोन दिवस त्याने सगळं सोसलं होतं. दात दळतो म्हणाले, सोसलं. लोकांनी त्याचं पीठ घंटागाडीत ओतलं, तेही सोसलं. पण दगड टाकवले नाहीत, त्यांना टाकीने धार लावली नाही?

"रतिलाल," मोहिनी घाईने म्हणाली, "जाऊ द्या."

"का जाऊ द्यायचं, ताई? बावीस वर्षं दळतोय. माझ्या दळणात कचकच लागली असं एका माणसानं सांगावं." तो बेबाबाईंकडे वळला. "मागच्या पुनवेला टाकवलेत दगड. माझ्या दळणात दगडाची खर नव्हतीच. ती आबांची दाढ होती."

मोहिनीने कपाळावर हात मारला. आबा डोळे मिटून उभे राहिले. रतिलालने तोंडावर हात ठेवला, पण तो हात फार उशिरा आला होता.

"कोनती दाढ?" बेबाबाईंनी विचारलं.

आबांनी बोटाने गालाखाली दाखवलं.

"किडकी?"

आबांनी मान हलवली. किडकी नव्हती, नुसती आडवी होती.

बेबाबाई खाली पोत्यावर बसल्या. पितांबर सरांनी सगळा क्रम मनात एकदा लावून बघितला, ओठ उघडले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तर्क अर्धवट सोडून घराकडे निघाले. मागच्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. रागवायचं तर होतं; पण कुणी रागवायला तोंड उघडलं असतं, तर आपण काय खाल्लं हे तिला आपल्याच तोंडाने सांगावं लागलं असतं. एकेक जण मुकाट्याने निघून गेली. शेवटी बेबाबाई उठल्या, डब्याचं झाकण लावलं आणि डबा रतिलालकडे सरकवला.

"हे राहू दे," त्या म्हणाल्या. "उद्या गहू आनते."

शनिवारी सकाळी गिरणीसमोर बारा डबे ओळीने लागले होते. या विषयावर गल्लीत पुन्हा कुणी कधी बोललं नाही, आणि बेबाबाईंनी तर दुसरा कुठलाही विषय काढून इतक्या जोरात बोलायला सुरुवात केली, की दाताचा विषय काढायची कुणाला संधीच मिळाली नाही.

साडेचार महिन्यांनी डॉक्टर मयुरींनी आबांच्या जबड्याचा फोटो काढला. खचलेल्या जागी हाड भरून आलं होतं, पांढरं आणि घट्ट. स्क्रू बसला, नंतर दात बसला, आणि त्या दिवशी आबांनी बाजरीची भाकरी मान सरळ ठेवून खाल्ली. मोहिनीने आनंदाने गल्लीत पेढे वाटले.

सगळ्यांनी पेढा घेतला. सगळ्यांनी आबांची विचारपूस केली. आणि बाराही घरांत, अगदी पितांबर सरांच्यासुद्धा, पेढा आधी दोन बोटांत मोडला गेला, उजेडात धरून आत नीट बघितला गेला, आणि मगच तोंडात टाकला गेला.